मेन स्विचचा झटका

नाई, हात नको लावू त्या पेटीले, श्रावणभाऊ. पयले माझं आयक. पोरानं तुले बोलावलं, बराबर हाय, तू साकोलीचा वायरमन – पन इश्वरच्या बाबानं हो म्हनलं का? नाई म्हनलं. तो लाकडी बोर्ड त्यायनं सोताच्या हातानं ठोकला. या गल्लीत पयला लाईट आमच्या घरी लागला नं, तवापासून कोनी काई बदलवाचं नाई. फ्यूज उडला का त्यायनं जाडी तार टाकाची, अखीन उडला का अखीन जाडी – अन् इश्वरनं त्याच्यावरच विहिरीची मोटर जोडली. मंग गरम नाई होईन तं काय होईन?

माझ्या सुनेले झटका बसला, रुखमाले. मोटर बंद कराले गेली, कडेवर पोरगी – बोर्डावरच्या लोखंडी पेटीले हात लागला अन् दोघीबी खाली. फार लागलं नाई. पन ते उठली, पोरगी घेतली, करडीची बस धरली. माहेरून निरोप धाडला – बोर्ड बदलवा, तवाच येतो. झालं, इश्वर जेवत नाई, शेजारच्या बाया येऊन पुसतेत, रुखमा कशी हाय, रुखमा कशी हाय.

अन् मी? मी का लाकडाची हाय? पानकाळ्यात भित ओली झाली का ते पेटी मले दर साली धरे. सांगतलं मी इश्वरच्या बाबाले. काय म्हनलं? ‘शकुन, तुहेच हात ओले असतीन.’ बस, एवढंच, अन् पेपर वाचत बसले. तवापासून मी लाटन्यानं खटका पाडून राहिली. कोनी पाह्यलं का, काहून पाडते? कोनी नाई. कोठं जाऊ मी तरी – माय नव्हती राहिली. वाटे, असंच असते घर.

रुखमाचा राग येऊन राहिला मले. मोठी आली, म्हनलं, एका झटक्यात माहेरी जानारी. रात्री झोप नाई येत रागानं. अन् राग कायचा – ते गेली याचा का, मी कधी गेली नाई याचा? तूच सांग. नको, तू नको सांगू.

नवी पेटी आनली तू? अर्थिंगची तारबी? मंग उभा काहून हायेस? इश्वरचे बाबा शेतावरून दिवस बुडता येतीन, ओरडतीन. अंधारात बसून ओरडू दे. मीटरजवळचा फ्यूज काढून घे पयले. अन् ते आले तं तू तोंड नको उघडू, मी बोलतो.

चहा मंग देतो. काढ म्हनलं नं तो बोर्ड.