दारावरचा दिवा

ते? ते काही नाही हो — ओल नाहीये ती, घाबरू नका. छताला तो गोल डाग दिसतोय ना, तिथे दिवा होता, छोटा लाल. काढला आणि वरून रंग मारला, तर रंगाचा पोत जमला नाही, बस. प्रत्येक खोलीत आहे तसा एकेक. आता आधीच सांगते, म्हणजे नंतर तुम्हाला वाटायला नको, म्हातारीने फसवलं. एजंट मला दोनदा सांगून गेलाय, काकू, गिऱ्हाईक आलं की कमी बोला. फोटो उतरवा, खिडक्या उघडा, कॉफी उकळत ठेवा — घरभर वास सुटतो म्हणे, माणसाला लगेच राहावंसं वाटतं. म्हटलं, बाबा, मी कॉफी पीत नाही. तर म्हणतो, प्यायची नाहीये काकू, उकळायचीये! आता काय बोलायचं अशा माणसाला? पण ठेवलीये हं. येतोय ना वास? मी पहिल्यांदाच घर विकतेय, मला काय कळतं. तो सांगतो ते करते.

फक्त कमी बोलणं जमत नाही. या खिडकीला खालून गुडघ्याने ढकलावं लागतं, तरच कडी बसते. सिंकखालचा नळ ठिबकतो, वॉशर बदललं तरी महिन्याने पुन्हा तेच. आणि जिना — तुम्ही चढून आलातच — तीन मजले, लिफ्ट नाही, होणारही नाही. तुमचे पाय तरुण आहेत. माझं म्हणाल तर हा पट्टा बघा, गुडघ्याचा, हा बांधला तरच मी उतरते. म्हणून तर विकतेय. भावाकडे जाणार, त्याचं घर तळमजल्यावर आहे, वहिनी म्हणते, वन्सं, मागची खोली तुमचीच. चांगली आहे वहिनी. पट्टा चांगलाय ना? लेकीने आणलेला आहे.

मोजा, मोजा तुम्ही. टेप धरू का एका टोकाला? कपाट मावेल इथे, आमचं मावत होतं.

दिवे कशाला होते, हो ना? सगळे विचारतात. आमच्या ह्यांनी बसवलेले. हे इलेक्ट्रिशियन होते, गेल्या वर्षी गेले. लेक आमची जन्मापासून ऐकत नाही. म्हणजे आगाऊ होती म्हणून नव्हे — आगाऊ होतीच, पण कानांनीच ऐकत नाही. ठकू म्हणायचो आम्ही तिला. म्हणायचो कसलं, तिला ऐकू कुठे येतंय! तिचं खरं नाव हे — असं, बोट हनुवटीवर. तिला खळी पडते इथे. शाळेत वेगळ्या खुणा शिकवायच्या, पण ही घरची खूण, आम्हा तिघांनाच ठाऊक. तर ह्यांनी काय केलं, बेलची वायर सगळ्या खोल्यांत फिरवली. कुणी बेल दाबली की आत वाजायची आणि छताला दिवा लागायचा. पोरगी धावत जायची दार उघडायला. दुसऱ्या कुणाला उघडू द्यायची नाही, इतकी हौस.

ते सगळे काढले मी. एजंट म्हणाला, गिऱ्हाईक बिचकतं. काढले. एकच ठेवलाय. येताना बघितलात? दाराच्या वर, बाहेरच्या बाजूला. तो तिच्याचसाठी. आता तुम्ही म्हणाल, बाहेर कशाला? अहो, आपण बेल दाबली की आतला आवाज आपल्याला बाहेर ऐकू येतो. तिला कसं कळणार वाजली का नाही? शाळेतून आली की दाबत बसायची, दाबत बसायची, शेजारचे वैतागायचे. मग ह्यांनी तो दिवा लावला. दाबलं, दिवा लागला, म्हणजे वाजली. मग ती थांबायची. दाराकडे बघायचीच नाही कधी, मान वर, दिव्याकडे.

कुठे असते? आता... असते. छापखान्यात लागली होती, दूर, रात्रभराच्या प्रवासाच्या गावी. चार वर्षं झाली. मला नको होतं तिने जायला. एकटी मुलगी, मागून गाडी आली तर कळायचं नाही. किती सांगितलं. मग भांडण झालं. हाताने भांडतो आम्ही, ते आणखी वाईट — बोलून भांडताना माणूस तोंड फिरवू शकतो, आमच्यात बघत राहावं लागतं. मी तिला सांगितलं, गेलीस तर दार बंद. असे दोन्ही तळवे आपटून. तिने किल्ली काढून ओट्यावर ठेवली आणि गेली.

तीन महिन्यांनी आली होती. हो, आली की. दुपारी. मी बाथरूममध्ये होते, त्यामुळे बेल काही—

नाही. जाऊ दे. तुम्हाला खोटं सांगून मला काय मिळायचंय. मी इथेच होते, ओट्यापाशी, कांदा चिरत. बेल वाजली, डोक्यावर दिवा लागला, आणि मी दाराच्या भोकातून बघितलं. बॅग घेऊन उभी होती. मान वर. बारीक झाली होती. आणि माझ्या मनात काय आलं असेल? म्हटलं, उभी राहू दे जरा. येईल अक्कल. परत येऊन कांदा चिरायला लागले मी! दुसऱ्यांदा वाजली. म्हटलं, अजून थोडं. तिसऱ्यांदा वाजली, मग मात्र हात धुतले, पदराला पुसले, केस नीट केले — हो, केससुद्धा, तिला दिसायला नको ना मी रडलेली — आणि उघडलं. तर कुणी नाही. जिन्यावरून हाका मारत उतरले मी. हाका! कुणाला मारत होते मी हाका?

उंबऱ्यापाशी पुडकं होतं. हा पट्टा त्यात.

दुसऱ्या कुणाला वाटलं असतं हो, की बेल बिघडली असेल. आई झोपली असेल, बाहेर गेली असेल. माझी लेक इतकी भोळी की तिला बाकी सगळं वाटलं असतं, पण दिवा लागत होता ना! तीनदा लागला. आणि कांद्याला फोडणी द्यायची म्हणून मी खिडकी उघडी टाकलेली, जिन्यावरून दिसते ती. तिला कळलं, आई आत आहे आणि उघडत नाहीये.

ह्यांना संध्याकाळी सांगितलं, दिवा गेला होता बहुतेक, म्हणून ती निघून गेली. हे उठले. बाहेर गेले, बेल दाबली. लागला दिवा. आत येऊन जेवायला बसले. त्यानंतर शेवटपर्यंत त्या विषयावर एक अक्षर नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शोधलं ना. नंबर बदललाय. छापखान्यात जाऊन आले, तर सोडून गेली म्हणाले. वडील गेल्याचं तिला ठाऊक आहे का, तेसुद्धा मला माहीत नाही. पण तिला हा एकच पत्ता माहीत आहे. आलीच, तर इथेच येईल.

म्हणून माझी एक अट आहे. एजंट म्हणतो, काकू, करारात दिव्याचं कलम घालता येत नाही. ठीक आहे, नका घालू. याआधी दोघं येऊन गेले, एक हसला, दुसरा म्हणाला ठेवू की, ठेवू की — इतक्या पटकन म्हणाला, मला कळलं, पहिल्या दिवशी काढणार. दोघांना नाही म्हटलं. तुम्ही मघापासून टेप खाली ठेवून ऐकताय.

एक करा. बाहेर जा आणि बेल दाबा. दिवा नीट लागतो का बघा, मी उघडते आतून. जा ना, एवढं करा माझ्यासाठी. दार लावून घेते.

...वाजली. हो. वाजली की. जाते हां. हा पट्टा सैल झालाय मेला... थांब. थांब ना जरा, येतेय, हात कोरडेच आहेत, येतेय मी — दुसऱ्यांदा नको दाबूस, आले मी, आले गं, जाऊ नकोस, ही कडी, ही कडी—

हां.

तुम्ही.

तुम्हीच असणार. मीच पाठवलं की तुम्हाला. काय बघताय? अगंबाई... हे बोट हनुवटीवर कधी गेलं, कळलंच नाही बघा.

लागला ना दिवा? कितीदा दाबलीत? दोनदा. म्हणजे आजही मला दुसरी वाजायच्या आत उघडणं जमलं नाही. तुम्ही पहिल्या बेलला उघडा. एवढंच. उघडा आणि हे असं करा, बोट हनुवटीवर, म्हणजे तिला कळेल आपल्याच माणसांनी सांगून ठेवलंय. भावाचा पत्ता मी लिहून देईन. बाकी भिंती पाडा, ओटा बदला, काय हवं ते करा. घर दिलं तुम्हाला. एजंटला मी कळवते.

या आता. जिना जपून उतरा. आणि दार ओढून — नको, ओढू नका. राहू दे तसंच.