एर्नीचा हिरवा ठिपका

— ना ना ना, ताई, त्या बटणाला हात नाही लावायचा! एर्नीच्या जागी आलात, त्याची खुर्ची घ्या, टेबल घ्या, चीज रोल खा, माझ्या वाटचा पण खा — पण सर्व्हर बंद नाही करायचा. धापा टाकतोय? टाकू दे. का टाकतोय ते माहितीय मला. एर्नीनंच तशी जोडणी केलीय — जावाचा कोड बदलला, सेव्ह केला, की सर्व्हर बंद न करता आपोआप नवा कोड उचलतो. एक, दोन, तीन — पडद्यावर हजर! पण जुना कोड पुरता जात नाही म्हणे, मेमरीत अडकून राहतो, साठत जातो, आणि मेमरी पार भरली की सर्व्हरच बसतो. म्हणून दर सोमवारी एर्नी सगळं बंद करून परत चालू करायचा. आता सहा आठवडे झाले, कुणी केलं नाही — म्हणजे, ती 'हात लावाल तर याद राखा' चिठ्ठी मीच चिकटवलीय.

मी? टामा. दर गुरुवारी शाळेतून इथं शिकायला येतो — शिकायला कसलं, उच्छाद मांडायला. हे बोटीच्या तिकिटांचं पान एर्नी करत होता. कानाला हेडफोन लावून म्हातारा बसायचा, आणि मी माझ्या मशीनवरून वरचा मथळाच बदलायचो — 'एर्नी, तुझी गाडी पेटलीय!' एक, दोन, तीन — आणि हा धावला पार्किंगमध्ये! मग खालच्या निरोपाच्या चौकटीत मला शिव्या. ती चौकट कुठंच सेव्ह होत नाही ताई, नुसती चालू सर्व्हरच्या डोक्यात असते. बंद केलं की गेली. आणि हा त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका — म्हणजे पानाच्या हिशेबी अजून आत आहे तो — हा पण गेला.

फोटो काढू? काढलाय हो. फोटोत तो आत असल्यासारखा नाही वाटत.

शेवटचा निरोप वाचा. 'मागच्या गुरुवारी गाडी पेटली, आज बायको पडली. चहा आण, कार्ट्या.' कारण मी मथळ्यात लिहिलं होतं — जॉइस पडली, घरी पळ. त्याच्या शेजारणीचा इथं आलेला फोन मीच घेतला होता. दोन पावलांवर बसला होता हो! उठून सांगायचं ना? तर नाही, आपलं नेहमीचं. मग गेलो, हलवलं त्याला, म्हटलं खरंच पडलीय — तर हसला. म्हणे, नाटक सुधारलं तुझं. मी रडायला लागलो तेव्हा कुठं उठला. अर्धा तास गेला, ताई. पोचला तेव्हा जॉइस... आणि तेव्हापासून इकडं फिरकला नाही. माझा फोन पण घेत नाही.

घरून कधीतरी हे पान उघडेल ना तो? त्याला सवय आहे. थांबा, मथळ्यात लिहितो — 'एर्नी, चुकलो. ये.' तसंच लिहितो, त्याला ओळख पटेल. हे सेव्ह. बघा आता. एक. दोन. तीन.

तीन झाले ना?

चार... पान पांढरं का पडलं? ताई, ठिपका कुठंय? खालची चौकट — अहो, मी फक्त एक ओळ —

तुम्ही जरा बाहेर जाता का. जा ना.