उलटं झाकण

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या वसतिगृहाचे मालक मडिवाळप्पा अप्पा, व्यासपीठावरच्या समुपदेशक सुकन्या मॅडम, जिच्या मेसच्या निरोपासाठी आपण सगळे जमलो ती आमची सत्कारमूर्ती दानम्मा मावशी, बावीस वर्षं भाकरी थापणाऱ्या जगदेवी काकू, मेसचे आजी-माजी मेंबर, आणि मागच्या रांगेत मान खाली घालून मोबाईल बघणाऱ्या माझ्या दोस्तांनो, सर्वांना नमस्कार.

मी सोमेश. गाव हदगाव, हल्ली मुक्काम उदगीर. पत्रिकेत माझ्या नावापुढे 'माजी विद्यार्थी' असं छापलंय, हा अप्पांचा मोठेपणा. माजी विद्यार्थी म्हणजे शिकून बाहेर पडलेला. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षातून उठून गेलेला माणूस आहे. पंगतीत भरल्या ताटावरून उठावं, तसा.

आत्ताच मॅडमनी पडद्यावर ताणाची लक्षणं दाखवली. झोप उडणं, चिडचिड, भूक मरणं, माणसं नकोशी होणं. खाली बसून मी बोटं मोजत होतो. चारही माझीच निघाली. पण थोडा ताण लागतोच, असंही मॅडम म्हणाल्या, ते मला एकदम पटलं. मी डाळ मिलमध्ये मशीनवर असतो. पट्टा ढिला असला की घसरतो, दाणा फुटत नाही. लई ताणला की बेअरिंग तापतं आणि जळका वास सुटतो. वास आला की आम्ही आधी मशीन बंद करतो. अजून थोडं सोस, परीक्षा जवळ आलीय, असं मशीनला कुणी म्हणत नाही.

माणसाचा जळका वास कुणाला येतो हो?

या मेसमध्ये तो मावशीला यायचा. नव्या मेंबरांना माहीत नसेल म्हणून सांगतो. दुपारचे डबे परत आले की मावशी ते लगेच धुवायला देत नाही. एकेक स्वतः उघडून बघते. ज्यात अन्न तसंच उरलं, त्याचं झाकण ओट्यावर उलटं ठेवते. संध्याकाळी डब्यावरच्या नंबरच्या पोराला निरोप जातो, "मावशीनं शेंगा फोडायला बोलावलंय." तीन दिवस झाकण उलटं राहिलं तर मावशी खुद्द रूमवर येते. आमच्यात ती बोलीच पडली होती. कुणी उतरल्या तोंडानं बसला की पोरं म्हणायची, "याचं झाकण उलटं पडलंय बे."

शेंगा फोडताना मावशी उपदेश करत नाही. मावशी देवणीची, अर्धं बोलणं कानडी. पहिला प्रश्न ठरलेला, "ऊटा आयता?" म्हणजे जेवलास का. मग गावाकडं पाऊस कसा, बहीण कितवीला. हात शेंगांत गुंतलेला असला की तोंड आपोआप सुटतं. शेवटी ताटभर जेवू घालायची आणि सांगायची, आज पुस्तक उघडू नको, झोप. आणि एखाद्याचं दुखणं तिच्या हाताबाहेरचं असलं तर तेही तिला कळायचं. एका पोराला घेऊन ती स्वतः ऑटोतून दवाखान्यात गेली. कुणी विचारलं तर म्हणाली, "हे शेंगांचं काम न्हाई, डॉक्टरचं हाय." मॅडमनी सांगितलेले उपाय, जेवण, झोप, बोलणं, वेळेवर डॉक्टर, आम्हाला या मेसमध्ये महिन्याच्या डब्यात मिळत होते. आम्हाला वाटायचं, म्हातारी शेंगा फोडून घेते.

माझं झाकण उलटं पडलं ते मंजुश्रीमुळं. ती आमच्या वर्गात होती. तिचा काही दोष नव्हता. मला शिकायचंय सोमेश, आता फोन करू नको, एवढंच ती म्हणाली होती, आणि तेही चांगल्या शब्दांत. मी मात्र चार दिवस जेवलो नाही. मावशीनं हदगावला फोन लावला. वडील पहाटेची बस धरून आले, मेसमध्ये बसून एक भाकरी खाल्ली आणि मला काही न विचारता परत गेले. त्या न विचारण्यानं माझं डोकं फिरलं. तीस पोरांसमोर मी मावशीला म्हणालो, "तुम्ही भाकरी थापा. आमच्या घरात डोकावू नका."

मावशी "बरं" म्हणाली आणि माझ्या ताटात दुसऱ्यांदा भात वाढला.

(मंजुश्री आज सभागृहात नाही. बायकांच्या रांगा मी दोनदा बघितल्या.)

आता ज्यासाठी मी उदगीरहून आलो, ते सांगतो.

माझा रूममेट अरीब, धर्माबादचा. माझा डबा एकेचाळीस नंबर, त्याचा बेचाळीस. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला दुसऱ्यांदा बसणार होता. परीक्षेला पंधरा दिवस उरले तेव्हा त्याचं जेवण सुटलं. चहा आणि बिस्किटं. रात्रभर दिवा चालू. दोन दिवस त्याचं झाकण उलटं राहिलं, शेंगांचा निरोप आला, पण तो गेला नाही. तिसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "यार, मावशी कू नक्को बोल. अब्बा कू फोन लगाती."

माझ्या मनात मावशीचा राग होताच. मी म्हणालो, फिकीर नको करू. आणि त्या दिवसापासून बेचाळीस नंबरचा डबा मी मागच्या बोळात कुत्र्यांपुढं रिकामा करायला लागलो. नुसता रिकामा नाही. जेवल्यासारखा दिसावा म्हणून एक मिरचीचं देठ आत टाकायचो, वाटीला थोडं वरण फासायचो. अकरा दिवस. आणि मला वाटत होतं, मी दोस्ती निभावतोय. त्या अकरा दिवसांत मी अरीबला एकदाही विचारलं नाही की, का जेवत नाहीस. मी माझ्याच दुःखात होतो. तो पुस्तकाकडं बघत बसायचा, मी फोनकडं.

परीक्षेच्या सकाळी तो जिन्यावरून पडला. चक्कर आली. डोक्याला सहा टाके. पेपर गेला, वर्ष गेलं.

दवाखान्यातल्या बाकावर मावशी माझ्या शेजारी बसली होती. हाताला तसंच पीठ. ती म्हणाली, "डबे तर रोज रिकामे येत होते रे. मला कसं दिसलं न्हाई?"

मला बोलता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. मी पाणी आणायला म्हणून उठलो, तो परत तिथं बसलोच नाही. पुढच्या आठवड्यात सरांशी भांडण काढलं, जर्नल टेबलावर फेकलं आणि कॉलेज सोडलं. लोकांना सांगत आलो, सरांनी अपमान केला. सर बिचारे हजेरीबद्दल बोलले होते. खरं असं की, मावशीचा डबा माझ्या घशाखाली उतरेना झाला होता.

याला तीन वर्षं झाली. मागच्या महिन्यात निमंत्रण द्यायला मावशीचा फोन आला. मेस का बंद करताय, म्हणून मी विचारलं. अप्पांनी पत्रिकेत वयोमान लिहिलंय. मावशी मला वेगळंच म्हणाली. "त्या अरीबच्या वेळेपासून नजरेवर भरवसा राहिला न्हाई बाळा. डबा रिकामा आला तरी भीती वाटती. किती दिवस असं चालवायचं?"

मग मी अरीबला फोन केला. तो नांदेडला फार्मसीला आहे. आमचं बोलणं हल्ली दोन वाक्यांचं असतं. मी म्हणालो, समारंभात खरं सांगणार आहे. त्यानं ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "बोल. मैं बोलता तो तेरा नाम लेना पडता था." म्हणजे तीन वर्षं तोही ते पोटात घेऊन बसला होता.

मावशी, तुमची नजर चुकली नव्हती. दोन दिवसांत तुम्ही अरीबला ओळखलं होतं, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही रूमवर येणार म्हणूनच मी डबा रिकामा केला. तुमच्या नजरेला भिऊन केला. ती अधू असती तर मला मिरचीची देठं कशाला शोधावी लागली असती?

मेस बंद करायची की नाही ते तुम्ही ठरवा. हात दुखतात, गुडघे दुखतात, खुशाल बंद करा. पण नजर गेली म्हणून करू नका. ते खोटं आहे, आणि ते खोटं मी रचलेलं आहे.

दोस्तांनो, या गावात तुमच्यातला कुणीतरी आज रूममेटचा डबा लपवत असेल. अन्नाचा नसेल, दुसऱ्या कशाचा असेल. कुणाला सांगू नको म्हणाला असेल तो. तरी सांगा. तो चार दिवस बोलणार नाही, चालेल.

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली होती, मी जास्त घेतली, त्याबद्दल अप्पांची माफी. मॅडमचे आभार, जगदेवी काकूंचे आभार, आणि इथवर शांत बसलात म्हणून तुम्हा सगळ्यांचे. बोलण्यात कुठं उणं-अधिक झालं असेल तर सभागृहानं ते पोटात घालावं.

मावशी, तुम्ही मात्र घालू नका. आमचं लई काही तुम्ही पोटात घातलंत. हे एवढं बाहेर ठेवा, ओट्यावर, झाकण उलटं करून. समारंभ झाला की मी मेसमध्ये येतो. शेंगा काढून ठेवा.