कानामागचे ठिपके

दवाखान्यात माझ्या शेजारी एक आई आणि तिची शाळकरी लेक नंबराची वाट बघत होत्या. लेकीच्या गालांवर लाल ठिपके होते.

"इकडे उजेडात बघ जरा. गोवराचे ठिपके सगळे एका मापाचे?"

"असतात."

"रुमाल ओला केलाय. हा निघाला. हाही निघाला. गणिताच्या पेपरासाठी एवढी चित्रकला?"

"अंग पण गरम आहे गं, आई."

"डोकं माझं गरम झालंय. डोळ्यांत साबण घातलास?"

"डोळ्यांना मी काहीच केलं नाही."

"ऊठ. अजून पेपर गाठता येईल. थांब, कानामागचे राहिले. हे का निघत नाहीत?"

"कुठले?"

"केसांच्या कडेचे. तिथे कुठला पेन वापरलास?"

"तिथे मला दिसतं तरी का? तिथे मी काढलेच नाहीत."

"तोंड उघड. मोठं. गालाच्या आत मिठासारखे कण... मामाला गोवर आला तेव्हा अस्सेच होते."

"म्हणजे पेपर नाही?"

"मीट तोंड. अहो कंपाउंडर, आम्हाला जरा वेगळं बसवा. हिचं सोंग खरं निघालं."