सुक्या कोलंबीच्या मिश्या

सॉफ्टवेअर निवडायचं असेल तर नित्याला घरी बोलावू नका, एवढंच सांगतो. नित्या म्हणजे माझा चेंबूरचा मित्र, कॅमेऱ्याचा वेडा. किड्याचा अगदी जवळून फोटो काढला की डोळा स्पष्ट येतो आणि शेपटी धूसर. म्हणून फोकस थोडा थोडा सरकवत एकाच वस्तूचे बरेच फोटो काढायचे आणि सॉफ्टवेअरने ते जोडून सगळीकडे स्पष्ट असा एक फोटो करायचा. मला एक सॉफ्टवेअर आवडलेलं, नित्याला दुसरं. आरे कॉलनीतले किडे काही स्वस्थ बसेनात, म्हणून बोरिवलीला माझ्या घरी आईच्या डब्यातली एक देखणी सुकी कोलंबी बशीत मांडली.

फोटो काढले, दोन्हीकडे जोडले. माझ्या फोटोत कोलंबीला तीन मिश्या, त्याच्या फोटोत दोनच!

"तुझ्या सॉफ्टवेअरने एक जास्तीची काढली," नित्या म्हणाला.

"चल रे! तुझ्याने एक खाल्ली."

"मग खरी कोलंबीच बघू ना!"

बघतो तर बशी रिकामी.

"आई, इथली कोलंबी कुठे गेली?"

"वांग्यात घातलंय," आतून आईचं मालवणी उत्तर.

"अगं, तिच्या मिश्या बघायच्या होत्या!"

"मिशी कोण खाता रे? मोडून टाकलंय. जेवूक बसा."

बसलो. नित्याने दोनदा वांगं मागून घेतलं, बोटं चाटली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "यार, असं घाईत नको ठरवायला. अजून एक सॉफ्टवेअर आहे. पुढच्या रविवारी ते बघू."

आईने लगेच विचारलं, "तेका सुके बांगडे चालतले?"