आबा आले आन् शिडी गेली

अरे, पोलीस ॲक्शननंतरच्या उन्हाळ्यात माझ्यावर मरायची पाळी आली, आन् तीबी बायकोच्या अदबीपायी! घराच्या माळवदावर, छपरावर, पांढरी माती टाकायलो होतो. घमेलं घेऊन शिडीच्या पार वरच्या पायरीवर. खाली आमच्या गोदानं शिडी दोन्ही हातांनी गच्च धरलेली. तेवढ्यात ताडकळसच्या बाजारातनं माझे वडील, आबा, आले. सासरा दिसताच गोदानं शिडी सोडली, पदर वढला आन् तोंड फिरवून उभी! शिडी घसरली, घमेलं आदळलं, मी माळवदाच्या कडेला लोंबकळायलोय!

आबा वरडले, "सुनबाई, पदर ऱ्हाऊ दे, शिडी लाव आधी!"

दोघांनी शिडी लावली, तवा उतरलो.

तवापासनं आबा दाराबाहेरनंच इचारायचे, "सुनबाई, शिडी धरलीस का? मग मी पारावर बसतो!"