पांढऱ्यावर पांढरा पंजा

आदरणीय अध्यक्ष महोदय, मुख्याध्यापिका मॅडम, व्यासपीठावरचे पाहुणे, सजावट समितीच्या सर्व ताई आणि दादा, पालकहो, आणि इथे पुढे जमिनीवर बसून एकमेकांच्या बुटांच्या नाड्या सोडणारी बालवर्गाची मंडळी, सर्वांना नमस्कार.

बालवर्गाच्या बाईंच्या निरोपाला पालकांच्या वतीने दोन शब्द बोलावेत, असं मला सांगण्यात आलं. दोनच, असंही सांगण्यात आलं. खरं म्हणजे मी पालक नाही, आत्या आहे. भाऊ आणि वहिनी दोघांच्या नोकऱ्या पाळीच्या, त्यामुळे भाचीला शाळेत आणण्या-नेण्याचं काम माझं. तिला आम्ही मनी म्हणतो. हात ओला झाला की ती मांजरासारखा झटकते, म्हणून मनी. बालवर्गातही तेच नाव चालतं. मी स्वतः एका शीतगृहात यंत्रणा सांभाळते. तिथे एखादा आकडा चुकीचा दिसला तर आधी मापक तपासायचा आणि मग बोलायचं, अशी सवय आहे. आज जे बोलणार आहे, ते तपासून बोलते आहे.

बाईंचं काम ज्यांनी पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. थंडी सुरू झाली की त्या वर्गाच्या मधोमध एक रुंद, उथळ टब ठेवतात. त्यात बर्फाचे गोळे, आणि गोळ्यांच्या पोटात रबरी प्राणी गोठवलेले. मुलांना ड्रॉपरमध्ये कोमट पाणी आणि वाटीत जाडं मीठ मिळतं. मीठ पडलं की बर्फ तडतडतो, त्याला खड्डे पडतात, आणि पाऊण तासाने एखाद्या पेंग्विनची चोच बाहेर येते. त्या वेळी वर्गात जो आवाज होतो, त्याची तक्रार शेजारच्या वर्गाने दोनदा केली आहे. दुसऱ्या टेबलावर दाढीचा फेस आणि गोंद कालवून केलेला फुगीर बर्फ. तिसऱ्यावर मक्याचं पीठ आणि केसांचं कंडिशनर मळून केलेला, मुठीत दाबला की खरोखर गार लागणारा बर्फ. तो का गार लागतो, असं मी बाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "ते तुम्ही शोधा. मला एवढंच बघायचंय की कोण मूठ उघडतं आणि कोण नाही."

आमची मनी मूठ उघडत नव्हती. ओलं, चिकट, भुसभुशीत असं काहीही तिला चालत नाही. घरी साबणसुद्धा मीच लावते. आम्ही समजावलं, दटावलं, बक्षिसं लावली. आजीने तर थेट हात धरून पिठात घातला, आणि मग दोघी रडल्या. बाईंनी यातलं काही केलं नाही. एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत पारदर्शक जेल आणि चमकी भरून ती त्यांनी खिडकीच्या काचेला चिकटवली आणि तिथून निघून गेल्या. पिशवीवरून बोट फिरवलं की आतली चमकी सरकते, हात कोरडाच राहतो. मनी कितीतरी दिवस त्या खिडकीपाशी उभी असायची. मग लांब दांड्याचा ब्रश आला. मग आखूड दांड्याचा. मग एका सकाळी बोटाचं टोक.

आणि मग पंजा. कागदावर पांढरा गोंद पसरलेला, शेजारी मीठ. मनीने अख्खा तळहात गोंदात टेकवला, उचलला, झटकला नाही, आणि वर मीठ भुरभुरवलं. मिठावर रंगाचे थेंब सोडायचे असतात, बाकी मुलांनी सोडले. हिने नाही. बर्फ पांढराच असतो, म्हणाली. पांढऱ्या कागदावर पांढरा पंजा. उजेडात तिरका धरला तरच दिसतो. त्या दुपारी बाईंनी मला फाटकापाशी गाठलं आणि तिचा उजवा हात उलटा करून दाखवला. बोटांच्या बेचक्यांत गोंद वाळला होता. तिने तो पुसू दिला नव्हता.

बाई, तुम्ही डोळ्यांनी मला खुणावताय, बस झालं म्हणून. दिसतंय मला. थोडं राहिलं आहे.

आपल्या संस्थेत एक पद्धत आहे. हिवाळी प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सजावट समिती मुलांच्या कामावरून हात फिरवते. त्याला फिनिशिंग म्हणतात. वाकडं नाक सरळ करायचं, सांडलेला गोंद खरवडायचा, आणि जे अगदीच दाखवण्यासारखं नसेल ते नव्याने करून त्याखाली मुलाचं नाव लावायचं. हे कोणी वाईट मनाने करत नाही, असं मला सांगण्यात आलं. ते मला मान्य आहे. पण मग मला सांगा, चार वर्षांच्या मुलाने केलेलं वाकडं नाक नेमकं कोणाला बोचतं? मुलाला? पेंग्विनला? कापसाचे एकसारखे वीस स्नोमॅन, एकसारख्या टोप्या घातलेले, एकाच बाजूला बघणारे, हे पाहून तुम्हाला कोणत्या मुलाबद्दल काय कळतं? माझ्या कामाच्या जागी दरवाजा सताड उघडा असताना सगळे मापक एकच आकडा दाखवायला लागले, तर आम्ही टाळ्या वाजवत नाही. यंत्रणा बंद पडली असं समजतो.

मनीचा कागद समितीला कोरा वाटला. तो कुठे गेला, हे मी इथे सांगणार नव्हते, पण सांगते. टेबल खराब होऊ नये म्हणून तो गोंदाच्या डब्याखाली अंथरला होता. बाईंना तो तिथेच सापडला. भिंतीवर त्याच्या जागी कापसाचा स्नोमॅन, गाजराचं नाक, खाली मनीचं नाव.

प्रदर्शनाच्या सकाळी मी तिला घेऊन आले. घरून निघतानाच ती बजावत होती, की पंजा बघताना मान तिरकी करायची, नाहीतर दिसणार नाही. भिंतीपाशी पोचल्यावर मी तिला तिचं नाव दाखवलं. तिने मान तिरकी करून त्या स्नोमॅनकडे बघितलं. मग बाईंकडे वळून विचारलं, "बाई, ह्या वर्गात अजून एक मनी आहे?"

हसू नका. मीही तेव्हा हसणार होते.

 बाई खुर्ची ओढून वर चढल्या, आणि त्यांनी भिंतीवरच्या सगळ्या नावांच्या पट्ट्या काढून घेतल्या. मनीचीच नाही, सगळ्यांच्या. तेवढ्यात पाहुणे आले, आणि कोणाचं काम कोणतं, असं कौतुकाने विचारू लागले. बाई म्हणाल्या, "हे मुलांनी केलेलं नाही, म्हणून नावं नाहीत." आवाज चढवला नाही. मी शेजारी उभी होते.

त्यानंतर कार्यालयात काय बोलणं झालं, ते मला बाईंनी सांगितलं आणि मॅडमनीही सांगितलं, आणि दोन्ही हकिगती जुळतात. पाहुण्यांसमोर संस्थेची शोभा झाली, पुढच्या सत्रापासून येऊ नये, असं बाईंना कळवण्यात आलं. अध्यक्ष महोदय, मघाशी आपण प्रास्ताविकात म्हणालात की बाई स्वतःच्या इच्छेने जात आहेत. मी तपासलं आहे. तसं नाही.

आता तुम्ही म्हणाल, निरोपाच्या दिवशी हे कशाला? शाल घाला, गुच्छ द्या, चार चांगले शब्द बोला. मीही तेच करणार होते. मला भाषणाची हौस नाही, आणि भांडणाची त्याहून नाही. बाईंनाही आणखी काही नको आहे. त्यांना दुसरीकडे काम मिळालं आहे, टब त्यांचा स्वतःचा आहे, तो त्या घेऊन जातील.

पण गेल्या आठवड्यात फाटकापाशी दोन काकू बोलत उभ्या होत्या. एक म्हणाली, त्या एका अर्धवट पंज्यापायी बाईंची नोकरी गेली. मनी माझं बोट धरून उभी होती. मुलं खाली बघत असली की आपल्याला वाटतं, ती ऐकत नाहीत.

 घरी बूट काढताना तिने मला विचारलं, "आत्या, मी अख्खा बर्फाचा माणूस केला असता तर बाई राहिल्या असत्या?"

मी म्हटलं, नाही. तुझा काही दोष नाही, तुझा पंजा उत्तम होता, हे सगळं मी जितकं नीट सांगता येईल तितकं सांगितलं. आजीने सांगितलं, भावाने सांगितलं. तिने माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू आत्या आहेस. तू असंच म्हणणार." तिचं म्हणणं बरोबर आहे. आता ती पुन्हा कशालाच हात लावत नाही. खिडकीवरच्या त्या कोरड्या पिशवीलासुद्धा नाही. मी बाईंना विचारलं, काय करू. त्या म्हणाल्या, "माझं मी बघेन हो. पोरीच्या डोक्यातलं तेवढं काढा."

मला ते काढता येत नाही. बाईंनाही नाही, कारण बाईही तिच्याच बाजूच्या. ज्यांनी निर्णय घेतला, त्यांनाच ते काढता येईल. मला बाईंची नोकरी परत नको आहे, माफीनामा नको आहे, फिनिशिंगवर चर्चासत्र तर अजिबात नको आहे. एक वाक्य हवं आहे. कागद कोरा नव्हता, आणि बाई जातात त्यात मनीचा काही दोष नाही. एवढंच. चार वर्षांच्या मुलीला कळेल अशा भाषेत.

बाई, तुम्ही आमच्या घरात एक हात उघडून दिलात. त्याचे आभार कसे मानायचे, हे मला माझ्या शिक्षणात कोणी शिकवलं नाही. तरी मानते. उपस्थितांनी शांतपणे ऐकून घेतलं, सजावट समितीनेही घेतलं, त्यांचेही आभार. बोलण्याच्या ओघात एखादा शब्द टोचला असेल, कोणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्यावं. शब्दांबद्दल क्षमा मागते. जे सांगितलं त्याबद्दल मागत नाही.

अध्यक्ष महोदय, ती तिसऱ्या रांगेत आजीशेजारी बसली आहे. लाल टोपी, दोन्ही हात कोटाच्या खिशात. हा घ्या माईक.